कापलेली कामिनी

८ एप्रिल
पोहरादेवीला बहिणीकडे यात्रेला गेले होते, दुपारी परत आले. फाटकाशीच थांबले. कामिनीचं कुंपण नाही. गुडघ्याएवढे खुंट, बाकी साफ. फांद्या रस्त्यावर वाळत पडलेल्या. नर्सच्या नोकरीत असताना घर बांधलं, त्याच वर्षी लावली होती. खिडक्या नंतर बसल्या, आधी कामिनी.
सुधाकर, शेजारचा संत्रावाला, धुऱ्यावर, आमच्या मधल्या बांधावर, उभा.
"सिस्टर, तुमच्या झाडावरचा किडा माह्या बागेत येऊन राह्यला. ग्रीनिंगचा रोग लागला संत्र्याले. म्हून तोडलं."
"मले विचारलं काहून नाई?"
"तुमी कुठी होत्या घरी?"
याला मी कितीदा सुया टोचल्या. जरा जाड टोचायला हव्या होत्या.

१० एप्रिल
जेवण नाही. चीड, मग रडू, परत चीड. पोलिसांत जायला चप्पल घातली, काढून ठेवली. चार लोक बसवतील, मिटवतील, चहा पाजतील. मला चहा नको. त्याचं नुकसान व्हायला पाहिजे. लिहिल्यावर बरं वाटलं.

१५ एप्रिल
मंगरूळपीर. दर्ग्याजवळचे फुलवाले हमीदभाई गुच्छांसाठी कामिनीच्या डहाळ्या माझ्याकडूनच नेत. सांगितलं, आता संपलं. म्हणाले, "गम नका करू सिस्टर. कामिनी मरत नाई. कापली का दुप्पट फुटते. पानी देत राहा फक्त."
येताना जीपमध्ये हेच डोक्यात.

२२ एप्रिल
कृषी खात्याच्या मॅडम सु.ची बाग पाहायला आल्या. मीही गेले, न बोलावता. विहिरीकडच्या ओळी वाईट आहेत. पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. उरलीसुरली फळं वाकडी, बुडाशी हिरवीच.
मॅडम घाईत होत्या. जाताना माझ्याच फाटकाशी थांबल्या. "रोग पसरवणारा किडा कामिनीवर राहतो, खरंय. पण रोग विकतच्या कलमांतूनही आला असेल. आणि काढायचं तर मुळासकट काढायचं होतं. नुसतं छाटलं की कोवळी फूट येते, किड्याला तीच लागते. फुटीवर औषध मारा. तुम्ही शेजारी आहात, त्यांनाही सांगा."
मी मान हलवली.
सांगितलं नाही. सांगणारही नाही.

३० एप्रिल
रोज संध्याकाळी खुंटांना पाणी. काल शेणखत. सु.ने मृग बहारासाठी, पावसाच्या तोंडावर फुलं यावीत म्हणून, बाग ताणावर सोडली आहे, पाणी बंद. त्याच्या झाडांना एक नवं पान नाही. इकडे खुंटाखुंटावर पोपटी कोंब. अख्ख्या शिवारात कोवळं काही असेल तर माझ्याकडे. यावं किड्यांनी खुशाल.
सु. जाता जाता, "फुटून राह्यली वाटते."
"हो. जीव हाये तिच्यात."
आपल्या झाडाला पाणी घालणं गुन्हा नाही.

१४ मे
आले! चष्मा लावून पाहिलं. कोंबांवर बारीक करडे किडे, डोकं खाली, बूड वर. आनंद झाला. मृगात बागेला पाणी मिळालं, नवती, कोवळी पालवी, फुटली, की हे सगळे तिकडे. बस म्हणावं मग बोंबलत.

२६ मे
नंदा आली, सु.ची बायको. आजारी ओळी उपटायच्या ठरल्या म्हणे. "इकडच्या अंगची, तुमच्या बाजूची, नवी कलमं माह्या हातची हायेत, सिस्टर. ते तरी वाचतीन ना?"
"वाचतील," म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगायची सवय आहे.
जाताना खुंटाजवळ वाकली. "बरं झालं फुटली. मी त्यायले म्हटलं होतं, सिस्टर येऊ द्या, मंग पाहू."
ती गेल्यावर फार राग आला. कोणाचा, ते...

४ जून
सु.ने विहिरीकडच्या ओळी उपटून पेटवल्या. धूर माझ्या घरात. बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.
शेलूबाजारहून किड्यांच्या औषधाची बाटली आणली. का आणली कुणास ठाऊक. दुकानदार म्हणाला, झाडूने शिंपडून भागणार नाही, फवारणीचा पंपच पाहिजे. पंप आहे सु.कडे. मागितला तर तो विचारणार कशाला. मग सगळंच सांगावं लागेल, एप्रिलपासूनचं.
माफी मागायची त्याने, आणि पंप मागायचा मी?

७ जून
ढग नुसतेच. सकाळी सु. धुऱ्यावर. अंगाने वाळलाय. नंदाची कलमं मधोमध, आमच्या दोघांच्या.
"पावसाची वाट नाई पाहत आता, सिस्टर. आजच पानी सोडतो बागेले."
माझं तोंड उघडलं होतं.
"काई म्हणून राह्यल्या का?"
"नाई."
तो विहिरीकडे गेला. बाटली ओट्यावर आहे, बूच न उघडलेली. मोटार सुरू झाली. हे लिहिते आहे तोवर चालूच आहे.