सासूबाईंच्या मांडीवर गेलेली गिटार

चावाकली, बुधवार, चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप हेझ्रोनदादांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे जोथमचे, अदबीने मिरेंबे, सुखशांती असो.

इकडे सगळं क्षेम आहे. कावेत्सा बरी आहे, मुलं बरी आहेत, गाय बरी आहे, चहाची झुडपं पावसाची वाट बघताहेत (ती कायमच बघत असतात). तुमच्या मातोश्रींची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे, की त्यापायीच हे पत्र लिहायची वेळ आली. तुमची पाठ कशी आहे? मोंबासाच्या बंदरात अजून पोती उचलायला लावतात, की आता नुसती मोजायला? वहिनींना सांगा, सुका मासा मिळाला. आधी वास पोचला, मागून मासा.

तर दादा, माझी जुनी गिटार तुम्हाला आठवत असेलच. शिकाऊ पोरांसाठी केलेली स्वस्तातली वस्तू ती. तिच्यावर मी शिकलो, लग्न केलं, तीन पोरांचा बाप झालो, तरी लोकांच्या लेखी शिकाऊच राहिलो. तारा दांड्यापासून एवढ्या उंच, की खालून सरडा आरामात जाईल. दाबून दाबून माझ्या डाव्या बोटांचं कातडं असं झालंय, की चपला शिवणाऱ्या मुगासियानं ते चिमटीत धरून बघितलं आणि विचारलं, अजून मिळेल का? जाड तार तुटली तेव्हा सायकलच्या ब्रेकची तार लावली. ती वाजली की रस्त्यावरचे सायकलवाले दचकून थांबतात. एक खुंटी तुटली, तिथं पक्कड अडकवली. पक्कड शेजाऱ्याची. त्याच्या नळाचं काम निघालं की माझं गाणं बंद.

अशा वाद्यावर माणसाला बोलावणं कुठलं येणार? मयताचं. मयताच्या घरी मी कितीही वाजवलं तरी कोणी हसत नाही, उलट लोक रडतात, आणि मी ते माझ्या वाजवण्यामुळेच असं धरून चालतो. पण या शनिवारी आपल्या चर्चच्या पाद्रींच्या मुलीचं लग्न आहे आणि पाद्रींनी स्वतः घरी येऊन सांगितलं, ‘‘जोथम, या वेळी तू वाजव.’’ लग्नात! माणसं नाचतात तिथं! दादा, मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो. तिसऱ्या दिवशी वासरू विकलं आणि किसुमू गाठलं.

(कावेत्सा म्हणाली, ‘‘वासरू निदान गवत खाऊन मोठं तरी झालं असतं.’’ मी तिकडे दुर्लक्ष केलं.)

ती गिटार! काय सांगू तुम्हाला. पुढची फळी अख्ख्या एका लाकडाची, थरावर थर चिकटवलेली नव्हे. तारा अशा मऊ, की बोट ठेवायचं मनात आणलं तरी सूर निघतो. मी दुकानात एकच सूर छेडला आणि तो संपेचना, दुकानदार तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला बॅटरी विकून आला तरी चालूच. म्हणाला, ‘‘साहेब, हे लाकूड वाजवता वाजवता पिकतं. दहा वर्षांनी बघा कसं बोलेल.’’ मी म्हटलं, बांधा. बांधायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून गावाकडच्या मटाटू गाडीत बसलो. ड्रायव्हरमागच्या बाकावर, खिडकीशी.

मजेंगोला गाडी थांबली. दार सरकलं. पाटी, छत्री, पाय बांधलेली कोंबडी, आणि त्यामागून तुमच्या मातोश्री.

आता तुम्हाला काय सांगायचं, आपल्यात जावयानं सासूच्या नजरेला नजर द्यायची नाही, की अंगाला अंग लावायचं नाही! गाडीत रिकामी जागा एकच, माझ्या शेजारी. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि आम्ही दोघांनीही तत्काळ छताकडे बघितलं. कंडक्टर कुठला परका पोरगा, त्याला काय कळतंय! त्यानं आईंना पाठीत हात देऊन आत सारलं आणि माझ्यावर खेकसला, ‘‘सरक ना भाऊ, म्हातारी काय चावते का तुला?’’ मागून एक बाई ओरडली, ‘‘अरे मेल्या, सासू आहे ती त्याची! उतरू दे त्याला!’’ दुसरी म्हणाली, ‘‘उतरेल कसा, दारात तर तीच उभी आहे.’’ अख्खी गाडी मला बाहेर कसं काढायचं यावर सल्ले देऊ लागली. दारातून जायचं तर आईंना अंग लागणार. म्हणून मी खिडकीतून निघालो. डोकं निघालं, खांदे निघाले, पोट जरा विचार करून निघालं. गिटार मात्र निघेना. मी बाहेरून ओढतोय, आतून कोणीतरी ढकलतंय, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडली. माझा हात सुटला आणि गिटार सरळ आईंच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. गाडी गेली. मी रस्त्यावर, एका पायात चप्पल. दुसरी गाडीतच राहिली, तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही.

घरी चालत आलो. म्हटलं, कावेत्साला सांगू, ती जाऊन आणेल. बघतो तर ती आधीच माहेरी जाऊन आलेली, हातात तीच कोंबडी, आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही आईला गिटार दिलीत? वासरू विकून? मला मेलीला वाटलं स्वतःसाठीच घेताय. आईला आजवर कोणी असं काही दिलं नव्हतं हो.’’ आणि दादा, लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं माझे पाय धुवायला गरम पाणी काढलं. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस तोंड कसं उघडणार? मी उघडलं ते जेवायलाच. कोंबडी समोर आल्यावर कारण विचारणारा माणूस आपल्या लोकांत अजून जन्माला आलेला नाही. काळीज खाल्लं, तंगडी खाल्ली, रस्सा मक्याच्या उगालीच्या गोळ्यानं पुसून घेतला, आणि मग गावाचे रिवाज सांगणाऱ्या आसावाआजोबांकडे गेलो.

त्यांना विचारलं, की समजा, समजाच हं, एखाद्या जावयाची वस्तू चुकून सासूच्या मांडीवर पडली, तर? आजोबा म्हणाले, ‘‘त्या गाडीत मी मागच्या बाकावर होतो.’’ मग बराच वेळ तपकीर ओढून त्यांनी निकाल दिला: सासूच्या मांडीवर दिलेलं परत मागायचं नसतं. आज गिटार मागशील, उद्या ते मुलगी परत मागतील. मी म्हटलं, आजोबा, हा रिवाज मी कधी ऐकला नाही. ते म्हणाले, तू काय काय ऐकलं नाहीस ते सांगत बसलो तर माझं आयुष्य पुरायचं नाही. आणि उलटभेट म्हणून आलेली कोंबडी खाल्लीस ना? झालं तर मग, व्यवहार मिटला. (त्यांना हे कसं कळलं? माझ्या शर्टावर रस्सा होता.)

तेव्हा परिस्थिती अशी आहे. गिटार आईंच्या घरी भिंतीवर, कॅलेंडरशेजारी. लग्न शनिवारी. माझ्या हाती पुन्हा तोच डबा, आणि नाचायला उभी राहिलेली माणसं पहिल्या सुरालाच हसून खाली बसतील, हे आत्ताच दिसतंय. सध्या मार्ग एकच आहे. मुलानं आईकडे मागितलं तर त्यात कुठला रिवाज मोडत नाही. तुम्ही फक्त आईंना फोन करा, म्हणा, मला गिटार शिकायची हौस आली आहे, जोथमबरोबर पाठवून दे. मोंबासापर्यंत ती पोचली नाही, वाटेत माझ्याकडेच राहिली, तर त्यात तुम्ही खोटं काहीच बोलला नसाल.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना मिरेंबे, पाठीला लसूण चोळा.

तुमचा
जोथम लुगालिया

ता. क. फोन करू नका. हे पत्र मोंबासाच्या रातगाडीत द्यायला निघालो होतो, तो सहज आईंच्या कुंपणाकडून गेलो, गिटार उन्हात तर ठेवली नाही ना हे बघायला. आत कोणीतरी वाजवत होतं. आधी चाचपडत, मग चाचपडणं संपलं. अंगठा खालच्या आवाजात चालतोय, बोटं वर वेगळंच काही बोलताहेत, आणि दोघं वळणावर बरोबर भेटतात. हे मला आजवर एकदाही साधलेलं नाही. मी काट्यांत उभा राहिलो आणि रडलो, दादा. खरंच रडलो. घरी येऊन कावेत्साला विचारलं, तर म्हणे, ‘‘आई मिशनच्या शाळेत असताना एका बाईंकडे शिकली होती. मग लग्न झालं, आणि सासरी गिटार कुठली? उगाली शिजेपर्यंत सुपावर बोटं चालवायची, ते काय होतं वाटतं तुम्हाला?’’ मला काय वाटणार? जावयानं त्यांच्या स्वयंपाकघरात कधी पाय ठेवलाय का! तुम्ही मात्र तिथं लहानाचे मोठे झालात. तुम्हाला ठाऊक होतं, आणि माझं वाजवणं ऐकून तुम्ही ‘वा, वा’ म्हणत होता. हे मी विसरणार नाही.

दु. ता. क. फोन करा, पण दुसऱ्या कामासाठी. आत्ताच कावेत्सा तिकडून निरोप घेऊन आली. आई म्हणाल्या, ‘‘जावईबापूंना सांग, वाजवताना त्यांचा अंगठा घाई करतो. ओढ्यापलीकडून मला रोज ऐकू येतं. इतकी वर्षं सांगायचं होतं, पण सासूनं जावयाला सांगायचं कसं?’’

तर दादा, आईंना फोन करून सांगा, की नाताळला रजा काढून येताय. तुमची खुर्ची मधे टाकू. त्या एका बाजूला तोंड करून बसतील, मी दुसऱ्या. मी तुम्हाला विचारीन, तुम्ही त्यांना विचारा. तुम्हाला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या वाजवू लागल्या की तुम्हाला नुसतं गप्प बसायचं आहे. येताना चांगल्या तारांचा एक संच आणा, त्यांच्यासाठी. नवी गिटार तिथंच राहू दे.

शनिवारी मी जुनीच घेऊन जातोय. आई बायकांच्या रांगेत असतील, लांब, माझ्याकडे न बघता. हसणारे हसोत. मला फक्त अंगठा सावकाश ठेवायचा आहे.