धुराची पोच

पारोळा, १२ नोव्हेंबर १९९४

चि. गिरधर यास झुलालमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे खुशाल आहे (तुझ्या मामीचा खोकला सोडून). तू दक्षिण ध्रुवावर कानटोपी घालूनच फिरत असशील असे धरून चालतो. सरकारने पाठवले असले तरी कान आपलेच असतात, बाबा.

तुझे पत्र जहाजाने फिरत फिरत एकदाचे आले. तिथल्या बर्फात प्लॅस्टिकमधल्या रसायनांचे अंश सापडले, ती आपल्यासारख्या उष्ण मुलखात हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर जाऊन थंडीत बसतात, हे वाचून माझा ऊर भरून आला. बारा वर्षे फाटक्या चपला न् फुटक्या बादल्या वितळवून पाइप काढतोय, पण माझा माल चाळीसगावच्या पुढे कधी गेला नव्हता! (तू खाली 'काळजीची बाब' असे लिहिले आहेस. तुम्हा शिकलेल्यांना कशाचे म्हणून कौतुक नाही.)

आता कामाचे. शेजारच्या सुगंधाबाईने माझ्या भट्टीविरुद्ध कचेरीत अर्ज दिला. काय तर म्हणे, धुरामुळे गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांना चपलांचा वास येतो. अगं बाई, त्या चपला तुझ्याच ना? मलाच देऊन नवी बादली नेलीस, मग वास घरचाच की! मला बोलावणे आले, तेव्हा मी साहेबांपुढे तुझे पत्र फडकावले. म्हटले, साहेब, माझा धूर इथे थांबतच नाही. तो थेट दक्षिण ध्रुवावर जातो, माझा भाचा तिथे सरकारी नोकरीत आहे. साहेब पाणी प्यायले. तेवढ्यात सुगंधाबाई उठली न् म्हणाली, "मंग मन्हा बिबड्यास्ले वास कसा येस?" कारकून हसला. बायकांना कुठे काय विचारावे कळत नाही.

साहेबांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिली आहे. तोवर लेखी आणा, नाहीतर भट्टी बंद. तेव्हा गोल शिक्क्याच्या कागदावर एवढेच लिही: 'झुलाल यांचा धूर येथे पोचला. वाटेत कोठे थांबल्याचे दिसत नाही.' खाली झोकदार सही कर.

तुझा,
झुलालमामा

ता.क. मामीला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेले होते. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. म्हणाले, औषध पुरे झाले, आता हवापालट करा, या हवेतून बाहेर काढा. ती म्हणते, "तुम्ही भट्टी बंद करा, मी आठेच, याच घरात, बरी व्हसू." तिला धंद्यातले काय कळते? मी तिची ट्रंक भरायला घेतली. शुद्ध हवा म्हणजे तुझ्याचकडची, पुढच्या जहाजात एका बाईची सोय होते का, हे विचारणार होतो. मग तुझे पत्र पुन्हा काढून नीट वाचले.

आणखी ता.क. दाखला राहू दे. रात्रंदिवस तिची धाप ऐकतो, गिरधर, मला भीती वाटते. तू एवढा फिरलास, तर एवढेच कळव: माझा धूर अजून पोचला नाही असे एखादे गाव तुझ्या ऐकण्यात आहे का? ट्रंक भरून ठेवली आहे.