दुसरी नळी

बुद्धरत्नदादा, जय भीम.

फोनवर माझा आवाज बदलेल, म्हणून लिहितेय. पप्पा हल्ली नावं विसरतात, त्यामुळे मी आमच्या लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासलं. स्मृतिभ्रंशाचा धोका असेल तर रक्तात एक प्रथिन वाढलेलं दिसतं. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं, म्हणून दुसरी नळी माझी भरली.

पप्पांचं प्रथिन अगदी कमी आलं. माझं त्याच्या पाचपट.

एकतिसाव्या वर्षी हे जवळपास अशक्य आहे, म्हणजे लेबलांची अदलाबदल झाली असणार. पप्पांना तसं म्हटलं, तर ते हसले. "भागे, निघोज्याच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं माल तपासलाय मी. तू लेबलं लावलीस तेव्हा दोन्ही नावं मी वाचली होती. बरोबर होती. आणि कालपण तू हेच विचारलंस की."

काल मी काहीही विचारलं नव्हतं. विसरतात ते पप्पा.

पाकिटासाठी आत्ता ड्रॉवर उघडला. आत हेच पत्र आहे, तुझ्याच नावाचं, माझ्या अक्षरात. तारीख गेल्या मंगळवारची. शेवटी लिहिलंय, पाकीट शोधते आणि आजच पोस्टात टाकते.

तुझी,
भाग्यश्री
थेरगाव