एवढं स्वस्त परवडतं कसं?

तात्सुनो, १२ एप्रिल २००४

तीर्थरूप बाबांना,
सुमिएचा सा. न. आणि सोबत थोडा रुसवा.

नदीकाठची साकुराची फुलं यंदा लवकर झडली. ती बघायलाही न थांबता तुम्ही चीनला, त्या शुंदेला निघून गेलात, याचा राग अजून आहे. पण पत्राची सुरुवात तक्रारीने करू नये असं आई सांगायची, म्हणून आधी बातमी.

हमरस्त्यावरचं ते भलंमोठं दुकान सुरू झालं. तिथे डीव्हीडी प्लेअर सहा हजार आठशे येनला मिळतो. आमच्या दुकानातल्या काचेच्या कपाटातला एकोणतीस हजारांना आहे, आणि तो दिवाळखोरासारखा खाली मान घालून बसलाय. तुमचे जावई त्या रस्त्याने जायचंच टाळतात. मला मात्र राहवेना. सध्या परागकणांनी शिंका येतात म्हणून अर्धं गाव तोंडाला मास्क लावून फिरतंय, मीही लावला, टोपी घातली आणि एक प्लेअर विकत घेऊन आले. शेजारच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकवाल्याची बायको तिथे रांगेत उभी आहे हे कुणाला कळलं नसावं.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरून तो उघडला. बाबा, आत अर्धा डबा रिकामा. एक हिरवी पट्टी, तबकडी फिरवायचा सांगाडा, चार वायरी, बस. त्सुतोमु दारातूनच म्हणाले की आता लोक हवासुद्धा डब्यात भरून विकायला लागले. पण मी तोफू परतायला वळले तर यांची मान थेट डब्यात. टॉर्च घेऊन, चष्मा कपाळावर.

तर आता तुम्हीच सांगा. पस्तीस वर्षं तुम्ही यंत्रांच्या पोटात जे जे भरत होतात, त्यातलं यांनी काय काढलं? आणि ते काढूनही चित्र तसंच कसं दिसतं? एवढं स्वस्त परवडतं कसं? आणखी एक. जाताना तुम्ही म्हणालात, तिथे तरुण मुलांना शिकवायचं आहे. काय शिकवता, ते सांगितलं नाहीत.

उकाड्यात जपा. बर्फाचं पाणी पिऊ नका. लोभ असावा, आणि तो तरी स्वस्त होऊ नये.

तुमची
सुमिए

*

शुंदे, २६ एप्रिल २००४

चि. सुमिएस अनेक आशीर्वाद, आणि जावईबापूंच्या कपाळावरच्या चष्म्यालाही.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. दुभाषी मिस हो म्हणाली, तेराओका-सान, चांगली बातमी दिसते. मी म्हटलं, बातमी वाईटच आहे, पण प्रश्न फार चांगला आहे.

काढलं काय, ते सांगतो. आमच्या कंपनीत चित्राचं खातं वेगळं, आवाजाचं वेगळं, मोटरचं वेगळं. प्रत्येक खात्याचा साहेब वेगळा, म्हणून प्रत्येकाची पट्टीही वेगळी. त्या पट्ट्या एकमेकींशी बोलाव्यात म्हणून आणखी एक पट्टी. आमचं यंत्र उघडलंस तर आत कंपनीच कप्पे करून बसलेली दिसेल. इथे खातीच नाहीत. तैवानहून नखाएवढी एक चिप येते, तीच सगळं करते. ती विकणारेच जोडणीचा नकाशाही फुकट देतात. बाकीचं गावात मिळतं. एका गल्लीत नुसत्या स्प्रिंगा. दुसरीत रिमोटची रबरी बटणं, सगळ्या गल्लीभर तेवढंच. स्क्रू संपले की आमच्या कारखान्याच्या मालकीण क्वोकबाई फोन करतात आणि चहा निवायच्या आत कुणीतरी स्कूटरवरून पोतं आणून टाकतं. कोठाराला भाडं नाही, माल पडून राहत नाही. भाड्याची एक खोली आणि ओळखीचे चार लोक असले की कुणीही उद्यापासून प्लेअर बनवू शकतो, आणि बनवतोही. मी संध्याकाळी गल्ल्यांतून हिंडतो आणि शाळकरी पोरासारखा दारांत उभा राहून बघत बसतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, काय शिकवतो तो. तू उघडलेल्या डब्याच्या झाकणाला आतून, कोपऱ्यात, एक छोटा मासा उठवलेला आहे का बघ. असेल तर तो प्लेअर आमच्या क्वोकबाईंच्या कारखान्यातला. आणि तबकडीचा तो सांगाडा मी आखलेला. पूर्वी त्याला सहा स्क्रू लागत, आता दोन लागतात. हेच शिकवतो मी इथे.

स्टेशनवर तुला हे सांगणार होतो. जीभ रेटली नाही, म्हणून बाम माशाच्या भाताचा डबा घेऊन दिला.

त्सुतोमुंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

बाबा

*

तात्सुनो, १७ मे २००४

तीर्थरूप बाबांना सा. न.

मासा आहे.

आधी मला हसू आलं. मास्क लावून, चोरासारखी जाऊन, मी माझ्याच बापाचं काम विकत घेऊन आले होते. मग हसू गेलं. हे मागेच उभे होते, त्यांनी तुमचं पत्रही वाचलं. शटर ओढलं आणि फायर ब्रिगेडच्या कवायतीला निघून गेले. गावच्या त्या हौशी पथकात ते नसते तर हल्ली कुठे गेले असते कोण जाणे.

दोन दिवसांनी इमोतो आजी आल्या. आपण ज्यांचे दिवे बदलून देतो, ज्यांचा टीव्ही त्सुतोमुंच्या वडिलांनी बसवला होता, त्याच. त्यांच्या नातवाने हमरस्त्यावरून तुमच्या माशाचाच प्लेअर आणून दिला आणि तो तोक्योला निघून गेला. आजींना तो लावता येईना. मोठ्या दुकानाने सांगितलं की बिघडला असेल तर बदलून देऊ, पण घरी माणूस येणार नाही. आजी तो फडक्यात बांधून आमच्याकडे घेऊन आल्या, अगदी हक्काने. हे म्हणाले, जिथून घेतलात तिथे जा. इमोतो आजींना असं कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. आजींनी वाकून नमस्कार केला, गाठोडं उचललं आणि गेल्या.

त्या संध्याकाळी हे पहिल्यांदा तुमच्या पत्राबद्दल बोलले. म्हणाले, “तुझ्या बाबांनी आपल्या दुकानाला कुलूप करून पाठवलंय, आणि तेही दोन स्क्रूंचं.” घाऊक व्यापारी विचारत होता, पुढच्या वर्षी माल भरणार की नाही. हे सोयासॉसच्या कारखान्यात पहारेकऱ्याची जागा आहे का म्हणून चौकशी करून आलेत. ओबोनला, पितरांच्या सणाला, तुम्ही घरी येऊ नये, असं त्यांचं म्हणणं आहे. आईच्या समाधीवर मी एकटी पाणी घालेन.

मला तुमचा राग येतो, आणि त्या स्प्रिंगांच्या गल्लीत जाऊन उभं राहावंसंही वाटतं. दोन्ही एकदमच. काय करू ते लिहा.

तुमचीच
सुमिए

*

शुंदे, २ जून २००४

चि. त्सुतोमु यांस आशीर्वाद. ते घ्यायचे की परत पाठवायचे, तुमची मर्जी.

जावईबापू, अठरा वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितोय. दिवाणखान्यात आपण बेसबॉल सोडून कशावर बोललो नाही.

मी पैशासाठी इथे आलो नाही. आमचा विभाग बंद झाला त्यानंतर दोन वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. सकाळी चालायला जायचं, वाचनालयात पेपर वाचायचा, घरी यायचं. इथे आलो आणि पहिल्याच दिवशी पोरांनी घेरलं. हे असं का, ते तसं का. मी उत्तरं देत गेलो. त्या उत्तरांची किंमत तात्सुनोत कुणाला मोजावी लागेल, हा विचार मनात आला होता. मी तो बाजूला ठेवला. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे.

पण इथलंही ऐका. हमरस्त्यावरच्या दुकानाने तुम्हाला जसं गाठलं, तसं क्वोकबाईंना कालव्यापलीकडच्या कारखान्याने गाठलंय. दर महिन्याला भाव आणखी उतरतो. आता एक व्यापारी मोठी मागणी घेऊन आलाय, पण त्याच्या भावात बसायचं तर वीज आत येते तिथला फ्यूज काढावा लागेल. माल ज्या देशात जाणार तिथे कुणी तपासत नाही म्हणे. मी नाही म्हटलं. बाईंनी विचारलं, तेराओका-सान, आजवर तुम्हीच ‘हे काढा, ते काढा’ म्हणत आलात, मग इथेच का थांबता? मी बिघाडाचे आकडे मांडले, पण आकडे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येतात.

तुम्ही इथे या. भांडायचं असेल तर भांडायला या, पण बघून भांडा. हल्ली विमानाचं तिकीटही तुमच्या कपाटातल्या प्लेअरएवढंच आहे.

माया ठेवा असं म्हणायचा हक्क सध्या नाही, तरी म्हणतो.

तेराओका शुनसाकु

*

शुंदे, १८ जुलै २००४

सौ. सुमिएस,

पोचलो. जेवतोय. उकाडा भयंकर आहे. बाबा बर्फाचं पाणी पितात.

तू खोदून खोदून विचारशील, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या गल्ल्यांतून फिरवलं. मी आजवर समजत होतो की स्वस्त माल म्हणजे कुणाची तरी लबाडी. लबाडी करणारा सापडेना. जो तो आपला तुकडा शेजाऱ्यापेक्षा थोडा लवकर आणि थोडा स्वस्त करतोय, आणि शेजारी काय करतो या धास्तीत जगतोय. एका स्प्रिंगवाल्याने मला विचारलं की जपानमध्ये माझा कारखाना केवढा आहे. मी सांगितलं, दुकान आहे, दोन माणसांचं. तो म्हणाला, सुखी आहात.

काल क्वोकबाईंनी जेवायला बोलावलं. पन्नाशीच्या आहेत, बारीक, पटापट खातात आणि पाहुण्याच्या ताटात माशाचा गालाचा भाग स्वतः वाढतात. तो व्यापारीही होता. फ्यूजचा विषय निघाला. बाबा पुन्हा आकडे सांगायला लागले. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं की या सगळ्यात यांचं काय काम.

मी फायर ब्रिगेडमध्ये आहे असं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात विजेच्या एका यंत्रातून आग लागून बांबूच्या पुलापलीकडचं घर जळालं, त्याबद्दल सांगितलं. पाण्याचा पाइप सगळ्यांत आधी मी धरला होता, हेही. ते यंत्र कुणी बनवलं होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि घरातली बाई तेच विचारत होती. मग म्हणालो, “या यंत्रातून धूर निघाला तर पाणी मारायला मी तिथे नसेन. पण ते कुणी बनवलं, हे मला माहीत असेल.”

मिस होने ते त्यांच्या भाषेत सांगायला वेळ घेतला. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग व्यापाऱ्याला म्हणाल्या की फ्यूज राहील, भाव बसत नसेल तर नाही बसला. तो जेवून गेला, पण मागणी देऊन गेला नाही.

परतताना बाबा वाटेत माझ्या आधी दोन पावलं चालत होते. मी विचारलं, दोन स्क्रूंवर तो सांगाडा हलत कसा नाही. ते थांबले आणि भर रस्त्यात हातांनी दाखवायला लागले. स्कूटरवाले शिव्या देत बाजूने जात होते. मला कळलं ते, पण सगळं नाही. उद्या पुन्हा विचारणार आहे.

इमोतो आजींकडे जाऊन ये. म्हणावं, मी आल्यावर घरी येऊन प्लेअर लावून देतो. माझं चुकलं असंही म्हण. नको, ते मीच म्हणेन.

ओबोनला बाबा माझ्याबरोबर येतील. गादीला ऊन दाखव.

त्सुतोमु

*

शुंदे, ९ ऑक्टोबर २००४

चि. सुमिए आणि चि. त्सुतोमु यांना आशीर्वाद.

ओबोनचे चार दिवस अजून पुरतायत. आता इथली बातमी. प्लेअरचं काम बंद झालं. त्या व्यापाऱ्याने मागणी कालव्यापलीकडे दिली, मग तिथूनही काढून दूर आत, सिच्वान प्रांतात नेली. तिथे आणखी स्वस्त होतं म्हणतात. एका फ्यूजमुळे बुडालो असं मी म्हणणार नाही. तो व्यापारी गेला नसता तर आणखी एखादं वर्ष निघालं असतं, एवढंच. बाई आता पंखे बनवणार आहेत, पण पंख्यांना निम्मीच माणसं लागतात.

आठवड्यापूर्वी बाईंनी मला बोलावलं. वाटलं, हिशेब करून निरोप देतील. पण त्यांनी विचारलं, “तेराओका-सान, तुमच्या कंपनीने बंद करताना माणसांना काय सांगितलं होतं?”

इतक्या महिन्यांत त्यांनी मला हजार गोष्टी विचारल्या, पण ही पहिल्यांदाच. मी म्हटलं, काही सांगितलं नाही. फळ्यावर कागद लावला होता. आम्ही तो रांगेत उभं राहून वाचला.

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी सुटताना बाई फाटकापाशी उभ्या राहिल्या. एकेकीला, एकेकाला नावाने थांबवून स्वतः सांगितलं. काहीजणी रडल्या, एकाने फार वाईट शब्द वापरले. बाईंनी तेही ऐकून घेतले. मी बाजूला उभा होतो. माझं काही काम नव्हतं तिथे, पण जावंसं वाटलं नाही.

आता मी मोकळा. त्या सिच्वानच्या कारखान्याने निरोप पाठवलाय, महिनाभर येऊन बघा म्हणून. नोकरी करायची नाही. पण तिथे कसं करतात ते बघितल्याशिवाय जीव शांत होणार नाही. या वयात हे शोभतं का, ते तुम्ही दोघांनी ठरवा. नको म्हणालात तर सरळ ओसाकाला माझ्या खोलीवर जाईन आणि पुन्हा सकाळचं चालणं सुरू करेन.

आपला दोघांचा लोभ हाच माझा पत्ता.

बाबा

*

तात्सुनो, २१ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप बाबांना त्सुतोमुचा सा. न.

तुमचं पत्र सुमिएने मोठ्याने वाचलं. फाटकाचा भाग वाचताना मध्येच थांबली, पुढचं मी वाचलं.

इथलं थोडक्यात. काचेचं कपाट काढून टाकलं. नवा माल कुणी सांगितला तरच आणतो. बाकी यंत्र कुठूनही घ्या, लावून द्यायला आणि बिघडलं तर बघायला मी येतो, पण येण्याचे पैसे पडतील, असं गल्लीत सांगितलं. सुरुवातीला लोकांनी तोंडं वाकडी केली. आजवर मी फुकटच जात होतो ना. पहिले पैसे इमोतो आजींनी दिले, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. आता हळूहळू बोलावणी येतात. पहारेकऱ्याच्या जागेवर दुसरा माणूस लागला. दुकान चालेलच असं छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण शटर रोज वर जातं.

सुमिए म्हणते, बाबांना लगेच परत या असं लिहा. मी लिहितोय, जा. सिच्वान बघून या. समुद्र नाही, बंदर नाही, सगळं आगगाडीने न्यायचं, तरी शुंदेपेक्षा स्वस्त पडतं कसं? मला काही केल्या कळत नाही. आणि फ्यूज ठेवतात का, ते झाकण उघडून स्वतः बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

मात्र परतीचं तिकीट काढूनच जा. ओसाकाची ती खोली आम्ही तुम्हाला न विचारता सोडून दिली आहे. तुमचं सामान वरच्या मजल्यावर आणून लावलंय, खिडकी नदीकडची आहे. हिमेजी स्टेशनला उतरा, गाडी घेऊन मी येतो.

आपला
त्सुतोमु