'आई हैं' या नोंदीबद्दल

आदर्श नगर, जयपूर
मंगळवार

तीर्थरूप दादास,

गौतमीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच, उरलेला दिवाळीला). तुझे गुडघे आणि तुझी द्राक्षबाग बरी असेल, दोन्हींवर फवारणी चालू असेल. सरोजिनीवहिनींनाही नमस्कार. इकडे अनिरुद्ध लोकांचे मोतीबिंदू काढतो आणि घरातलं त्याला काही दिसत नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखं. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि हिंदुराव जेवला का ते विचार, एवढंच पुन्हा पुन्हा सांगते. तिच्यासमोर तिच्याविषयी कसं बोलणार?

तुला ठाऊकच आहे, मी कॉलेजात लोकप्रशासन शिकवते, म्हणजे जे कुठेच चालत नाही ते कसं चालावं हे मुलांना सांगते. त्या पुण्याईवर मला यंदा ज्येष्ठांच्या धोरणाच्या सल्लागार समितीवर घेतलं. पहिल्या दोन बैठका 'वृद्ध' म्हणायचं की 'वरिष्ठ' यात गेल्या (तेवढ्या वेळात आम्ही सगळेच थोडे वरिष्ठ झालो). तिसऱ्या बैठकीला बस्सीहून एक खरेखुरे म्हातारबुवा बोलावले होते, पण बैठक तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ते खालीच चहा पिऊन परत गेले. इतिवृत्तात 'ज्येष्ठांचा तळागाळातून सहभाग' अशी नोंद झाली. मीही मागे राहिले नाही. एकच आजी दोन मुलांच्या घरी दोनदा मोजली जाते, तो गोंधळ टाळायला मी सुचवलं की अर्जात 'स्थायी' आणि 'अतिथी' असे दोन रकाने ठेवा आणि सोयी फक्त स्थायींना द्या. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसानं सावध व्हावं, असं बाबा सांगायचे. मी बिस्कीट घेतलं.

पुढच्याच महिन्यात तोच अर्ज घेऊन सर्वेक्षणवाली मुलगी आमच्या दारात. मला कॉलेजला उशीर झालेला, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात अर्धी पोळी. तिनं विचारलं, घर में बुज़ुर्ग कौन? आता चोवीस वर्षांत माझी हिंदी अशी झाली आहे की भाजीवाल्याशी भांडताना मी जयपूरचीच वाटते. पण आपल्या आईला 'माताजी' म्हणायला जीभ अजून वळत नाही. मी म्हटलं, "आई हैं."

"कहाँ से आई हैं?"

"तासगाव से."

"कब आई हैं?"

"पिछले साल. आठ दिन के लिए आई थीं, आँख के ऑपरेशन के लिए."

मुलीनं समजूतदारपणे मान हलवून लिहून घेतलं. केवढी नेमकी उत्तरं दिली, म्हणून मी खूश.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. इंदुबाई, वय ७९, अतिथी, केंद्रासाठी अपात्र. (केंद्र म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी उघडलेलं दिवसा बसायचं ठिकाण. कॅरम, रक्तदाब, भजन.) आईला यातलं काही नको होतं. तिथे मंगळवारी छावणीतल्या एका सुभेदाराची सासू येते, भंडाऱ्याची, एवढं तिनं कुठूनसं ऐकलं होतं. भंडाऱ्याची मराठी आपल्या तासगावला परदेशी वाटेल, पण आईनं त्या मंगळवारसाठी इरकली साडी इस्त्री करून ठेवली होती. इथे तिच्याशी बोलणार कोण? मी, तेही संध्याकाळी, दमून आलेली. आणि निलय, ज्याची मराठी 'आजी, मतलब, तू जेवली क्या' इथे सुरू होऊन तिथेच संपते.

मी ते पत्र वर्तमानपत्राखाली सारलं. पण हिंदीही देवनागरीतच असते. आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, रडेल. तर म्हणाली, "बरोबर लिवलंय की पोरीनं. मी आलीय. ऱ्हातीय कुठं?"

तेव्हा मला तिची बॅग दिसली. तशी ती रोजच दिसते, पलंगाखाली. एकोणीस महिने झाले, तिनं साड्या कपाटात लावलेल्या नाहीत. धुतलेली साडी वाळली की घडी घालून पुन्हा बॅगेत. मी कपाटाचा एक खण तिला रिकामा करून दिला आहे, त्यात तिनं फक्त एक डांबराची गोळी ठेवली आहे.

समितीत जाऊन मी भांडले. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, मॅडम, रकाना आपलाच आहे. दुरुस्तीची सोय आहे (तीही माझीच सूचना): मूळ पत्त्यावरच्या कुटुंबप्रमुखानं लिहून द्यायचं की सदर व्यक्ती आता आमच्याकडे राहत नाही व यापुढे राहणार नाही. नमुना सोबत जोडला आहे. खाली सही करून उलट टपाली पाठव. एका ओळीचं काम, आणि इथे एकेक मंगळवार वाया चाललाय.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. मधल्यांना, म्हणजे आपल्याला, कोणी काही देत नाही.

तुझी धाकटी,
गौतमी

ता. क. सही निळ्या शाईनं कर. काळी चालत नाही (ही सूचना माझी नव्हे).

ता. क. २. वहिनी बोलून गेल्या की आईच्या खोलीत तू बेदाण्याचे बॉक्स रचलेत, पार खिडकीपर्यंत. आईला मी सांगितलेलं नाही. ती मला रोज त्याच खिडकीतलं सांगते, समोरच्या ओट्यावर बायका बेदाणे निवडत बसतात, एकीला दुसरीचं ऐकू येत नाही तरी गप्पा थांबत नाहीत. मला ऐकायला आवडतं. दार उघडलं की घरातून 'गौतमे, आलीस व्हय' असं कोणी म्हणावं, हे मला चोवीस वर्षांनी मिळालं. तेव्हा खरं सांगते, तिला स्थायी करायची घाई केंद्रासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार, तर आई आली. नमुना वाचला. 'राहणार नाही' या शब्दांवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हिंदुरावानं सही केली?" मी म्हटलं, अजून नाही. मग तिनं खाली वाकून बॅगेची चेन नीट लागली आहे ना ते पाहिलं.

सही करू नकोस. नमुना जोडलेला नाही, फाडला. तू फक्त बॉक्स हलव, खिडकीजवळचे आधी. दिवाळीला मी तिला घेऊन येते. ओट्यावर कोणी विचारलं, कोण आलं, तर सांग, आई. दोन्ही भाषांत बरोबर आहे.