रोकडबंदीचा महिना

१ जानेवारी १९७५, सकाळी ६
आजपासून घरात रोकड बंद. पलटणीत बावीस वर्षं क्लार्क हवालदार म्हणून पगारपत्रकं लिहिली. नोटा दिसल्या की चांगला माणूस कसा बिघडतो ते रोज पाहिलं. आता पेन्शन साताऱ्याच्या बँकेत. चेकबुक कोटाच्या आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन. चंद्राबाईने, म्हणजे आमच्या हिने, विचारलं की आवं, कोथमिरीच्या जुडीला बी कागूद देनार व्हय. होय म्हणालो.
महिनाअखेर लोणंदच्या बाजारात हिला म्हैस घ्यायची. लग्नात कबूल केली होती, तेव्हापासून ती वाट बघते आहे. म्हैससुद्धा चेकनेच.

२ जानेवारी
पहिला चेक लालासाहेब किराणावाल्याला. साखर, चहा, काडेपेटी. चोराच्या हाती पडला तर वटवता येऊ नये म्हणून कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या. आता ज्याचं बँकेत खातं त्याच्याच खात्यात पैसे. लालासाहेबाने चेक उलटा केला, उन्हात धरला आणि म्हणाला, हवालदार, ह्याच्यावर सिंह कुठं हायती. अडाणी माणूस.

५ जानेवारी
ज्योतिबा न्हाव्याला दाढीचा चेक, साठ पैसे. अर्धी दाढी झाल्यावर दिला, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. म्हणाला, आमच्या सात पिढ्यांत खातं न्हाई कुनाचं, आन् साताऱ्याला जाऊनयेऊन यष्टीलाच पाच रुपयं. खातं उघड, सवय लागेल, असं सांगितलं. उरलेली अर्धी दाढी घाईत केली. हनुवटीला कापलं. मुद्दाम असावं.

९ जानेवारी, संध्याकाळ
अंबूबाईने दुधाचा चेक गुमान पदराच्या गाठीला बांधला. सगळेच गुमान घेतात. गाव सुधारतंय, की काही शिजतंय?
शिवाय ही रोज दिवेलागणीला पिशवी घेऊन बाहेर पडते. विचारलं तर म्हणते देवळात. देवळात पिशवी कशाला?

११ जानेवारी, शनिवार
साताऱ्याला गेलो. एसटीच्या तिकिटाला चेक चालत नाही. कंडक्टरशी हुज्जत, मागून लोकांची आरडाओरड. शेवटी खाली उतरून घरी आलो, हिच्याकडून पाच रुपये हातउसने घेतले, पुढची गाडी पकडली. हा अपवाद. हिच्याकडे पाच रुपये आले कुठून, हा मुद्दा वेगळा.
पासबुक भरून घेतलं. दिलेल्यांपैकी एकही चेक बँकेत आलेला नाही. मॅनेजर म्हणाले, मग चांगलंच आहे की. मी पगारपत्रकवाला माणूस. फुकट माल कोण देतो?

१३ जानेवारी
उलगडा झाला. हा कट आहे. सगळे चेक साठवायचे, एकाच दिवशी बँकेत न्यायचे आणि खातं साफ करायचं. बहुधा म्हशीच्या आदल्या दिवशी. म्होरक्या लालासाहेब. त्याला जाऊन म्हणालो, माझे चेक दाखव. म्हणाला, आता न्हाईत माज्याकडं, वैनीस्नी इचारा. बायकांना मध्ये घालतोय. गुन्हेगाराचं लक्षण.

२० जानेवारी
हिच्यावर पाळत. बाभळीआडून पाहिलं. आधी लालासाहेबाचं दुकान, मग ज्योतिबाचं घर, मग अंबूबाईचं दार. नेमकी कटातली तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी दिलं, काहीतरी घेतलं. लांबून नीट दिसलं नाही. निरोप असावेत. ही त्यांना सामील आहे असं लिहायला हात धजत नाही. लिहिलं.

२५ जानेवारी, शनिवार
पासबुक जसंच्या तसं. मॅनेजरना सांगितलं की आमच्या गावात चेक पूर्ण रुजला. तिसरं चेकबुक देताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते. त्यांचाही हात असू शकतो.

३० जानेवारी, लोणंदचा बाजार
सगळं लिहिणं भाग आहे.
म्हैस इलाही व्यापाऱ्याची. काळीभोर, शिंगं मागे वळलेली, दुसऱ्या वेताची. ही तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली आणि हसली. हिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. मला फार बरं वाटलं.
भाव रुमालाखाली बोटं दाबून करायची इथली रीत. मी हात घातला नाही, बोटात अंगठी आहे. तोंडी सोळाशे ठरले. सोळाशेसाठी साताऱ्याच्या बँकेपर्यंत यायला इलाही तयार. पण आज इसाराचे एक्कावन्न हातावर पडल्याशिवाय दावं सोडणार नाही म्हणाला. मी चेक फाडला, दोन रेघा मारल्या. तो हात मागे घेऊन म्हणाला, हवालदारसाब, माज्या बापानं बी कदी कागदावर जनावर सोडलं न्हाई.
मग हिने कनवटीची पिशवी काढली. तेरा रुपये निघाले.
म्हणाली, तुमच्या मनिआर्डरीतनं मागं टाकून इसारासाठी अडीचशे धरलं व्हतं. ह्या म्हैन्यात तुमची कागदं सोडवन्यात ग्येलं. लालासाहेबाचं, ज्योतिबाचं, अंबूबाईचं, समद्यांचं. गाव तुमास्नी हसाय नगं म्हून कुनाला बोलू दिलं न्हाई. म्हशीला तरी रोकड आनशीला वाटलं.
मला समजायला वेळ लागला. तेवढ्यात फलटणकडच्या एकाने इलाहीच्या हातावर एक्कावन्न ठेवले आणि दावं धरलं. म्हैस लगेच गेली त्याच्यामागे.
एसटीत ही खिडकीकडे तोंड करून बसली. दोन्ही तिकिटं हिनेच काढली.

१ फेब्रुवारी, शनिवार
साताऱ्याला गेलो. स्वतःच्या नावाचा चेक लिहिला, रेघा न मारता. दोन हजार रोख आणून हिच्या हातात दिले.
हिने माझ्याकडे पाठ केली आणि मोजले. मग परत मोजले. म्हणाली, येत्या बाजारला मी अंबूबाईसंगं जातो, तुमी नगा येऊ. हरकत घेतली नाही. एवढी रक्कम घरात कुठे ठेवणार, एवढंच विचारलं.
हिने नोटा पदराआड केल्या. मग म्हणाली, पानी संपलंय, आडावरनं घागर भरून आना.
घागर काठोकाठ भरलेली होती. परसात ओतून दिली, आणि गेलो.