नवसागर आणि चुना

सर, मला वास येत नाही. नाक जागेवर आहे, सर्दी होते, शिंका येतात, पण वास नाही. करोनाच्या तापात गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, वाट बघा. मी वाट बघितली, मग वाट बघणंही मागे पडलं. आता रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरते, काही कळत नाही, झाकण लावते आणि शाळेला निघते. देवपूजेसारखं झालं आहे ते, नुसता देव तेवढा नाही. हे तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की, विज्ञानाच्या बाईला वास येत नाही हे ऐकून जो नुसतं 'अरेरे' म्हणून गप्प बसणार नाही, असा दुसरा माणूस मला आठवला नाही. आणि तुम्ही तर केव्हाच गेलात. मी तेव्हा बी.एस्सी.ला अंबाजोगाईत होते. बातमी माझ्यापर्यंत पोचली तोवर तुमचा दहावाही उरकला होता.

मी घाटनांदूरला दोन खोल्यांत राहते आणि जवळच्याच एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ह्यांना जाऊन काही वर्षं झाली, मुलगी पुण्यात नोकरीला आहे. वास गेला की माणूस एकटं पडतं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. शेजारच्या घरात फोडणी पडते आणि मला पत्ता नसतो. दूध करपतं तेव्हा भिंतीपलीकडून शेजारीण ओरडते, "ओ मॅडम, दूध लागलं बगा तुमचं!" मग मी धावते. मेथी आणि पालक जिभेला सारखेच, म्हणून भाजी करायचा उत्साहच गेला. मुलगी रात्री फोनवर विचारते, काय केलं होतंस आज? मी सांगते, भरली वांगी, लसणाची चटणी. खरं म्हणजे भात आणि वरण खाल्लेलं असतं, तेही उभ्या उभ्या. ती म्हणते, आई, तुझी मजा आहे. मी हो म्हणते.

तुमचा पहिला तास मात्र मला जसाच्या तसा आठवतो. आठवीचा वर्ग, आपली उमापूरची शाळा, बाहेर बाभळीच्या शेंगा वाजतायत. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची चावी तुमच्या शर्टाच्या खिशात. कपाटात शाईच्या दौतीला पत्र्याचं झाकण लावून, त्यातून वात ओवून केलेला स्पिरिटचा दिवा. डॉक्टरांकडून मागून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणि सलाईनची नळी. त्या दिवशी तुम्ही त्यातलं काहीच काढत नाही. खिशातून दोन पुड्या काढता. एकीत कल्हईवाल्याकडून आणलेला नवसागर, दुसरीत पानटपरीवरचा चुना. बाकाबाकावर फिरून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर हे आणि बोटभर ते ठेवता. "चोळा. आन नाकाला लावायचं न्हाई. हातानं वारा घ्यायचा, दारातल्या पाव्हण्याला या म्हणल्यावानी." मी चोळते, वारा घेते, आणि त्यातून निघालेल्या अमोनियाने डोक्यात वीज शिरल्यासारखं होतं. डोळ्यांतून पाणी. मी झटकन ओढणीने नाक दाबते. सगळा वर्ग खिदळतोय, आणि तुम्ही माझ्या बाकाशी येऊन उभे.

"नाक दाबून रसायन शिकायला आलीस व्हय गं? वास म्हंजी खबर हाय. खबर आली तर दार लावून घ्यायचं का?"

कान लाल झाले होते माझे. घरी जाऊन रडलेसुद्धा. पण त्यानंतर मी कधी नाक दाबलं नाही, कॉलेजात क्लोरीनच्या बाटलीपुढेही नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून ती शाईची दौत माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "काच हाय, संभाळून." शाबासकी वगैरे देणं तुमच्या स्वभावात नव्हतंच. तो दिवा अजून आहे, सर. झाकण दोनदा बदललं, काच तीच.

वास गेल्यावर मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. लाज नव्हती, भीती होती. सांगितलं असतं तर प्रयोग बंद झाले असते आणि माझ्याजवळ दुसरं काय होतं? मग मी एक युक्ती काढली. परीक्षानळी पोरांसमोर धरायची आणि साहेबी थाटात विचारायचं, सांगा बरं, कसला वास? पोरं ओरडायची: अगरबत्तीचा, गॅसचा, म्हशीच्या गोठ्याचा. त्यांच्या ओरडण्यावरून मी समजून घ्यायची, काय निघालं, किती निघालं, कुठे थांबायचं. त्यांची नाकं हेच माझं साहित्य झालं होतं. आमच्या शाळेच्या कपाटातल्या, लेबल गळून पडलेल्या दोन तपकिरी बाटल्यांना मात्र मी हात लावला नाही. तुम्ही त्या वारा घेऊन ओळखल्या असत्या. मला ते शक्य नव्हतं, आणि अनोळखी बाटली पोरांच्या नाकाखाली धरायची नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

हे असंच चाललं असतं. पण दिवाळीनंतर, अर्धा गाव कोयता घेऊन कारखान्याला गेला आणि वर्गातले बाक निम्मे रिकामे झाले तेव्हा, नववीला मिश्रण आणि संयुग शिकवायचं होतं. तुमचाच आवडता प्रयोग. लोहकीस आणि गंधक नुसते एकत्र केले तर ते मिश्रण; त्यावर विरल आम्ल टाकलं तर हायड्रोजन निघतो, त्याला वास नाही. तेच तापवून काळा गोळा केला की ते संयुग. त्यावर आम्ल टाकलं की कुजक्या अंड्यांचा वास. डोळ्यांना दोन्हीकडे बुडबुडेच दिसतात. फरक सांगतं ते नाकच. आदल्या आठवड्यात पोरांनी गंधक बघूनच 'ई, वास!' म्हणून नुसता गोंधळ घातला होता आणि मी त्यांना तुमचं वाक्य ऐकवलं होतं, तुमच्याच आवाजात, 'नाक दाबून रसायन शिकायला आलात का?' सगळे चिडीचूप. त्या दिवशी बाहेर गार वारं होतं म्हणून खिडक्या लावलेल्या. मी गोळ्यावर आम्ल टाकलं आणि ओरडण्याची वाट बघितली. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं वायू निघत नाही, म्हणून आणखी टाकलं. पुन्हा वाट बघितली. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, भिंत धरली आणि तिथेच ओकली.

मी खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं. तिला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, काही नाही, मोकळ्या हवेत राहू द्या. आम्ही परत येऊन व्हरांड्यात टेकलो तेव्हा ती बोलायला लागली.

"मॅडम, वास तर लई येत व्हता. पर तुमी म्हणलात नाक दाबायचं न्हाई. आन तुमी तर निवांत हुब्या व्हतात. मला वाटलं, मॅडमला काय हुत न्हाई म्हंजी मलाच कायतरी हुतंय."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तुमाला कळला न्हाई का वास?"

"नाही."

"कावून?"

"मला वासच येत नाही गं."

ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "कशाचाच न्हाई?"

"कशाचाच नाही."

"भाकरीचा बी?"

सर, इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, माझ्या मुलीनेही नाही. मी मान हलवली. तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला, वडीलधाऱ्यासारखा. तिचे आईबाप तेव्हा कुठल्या तरी कारखान्याच्या फडात ऊस तोडत होते आणि ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहत होती. म्हणजे तिच्यासाठी शाळेत येऊन भांडायला कुणी नव्हतं. दुसरं एखादं पोर असतं तर बाप दुपारपर्यंत मोटरसायकल घेऊन दारात आला असता. हिच्या बाजूने बोलायला कुणी नाही, हे ध्यानात आल्यावर मला बसवेना. मीच उठले आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळं सांगितलं.

ते इतिहासाचे आहेत, माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का? मग कशाला अंगावर ओढून घेता?" मी म्हटलं, पुन्हा झालं तर? त्यांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "आता मला कळलं म्हणजे मला काहीतरी करावं लागणार." त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी मागितली. मी दिली. त्यांच्या जागी मी असते तर मीही मागितली असती. पण ती देताना, सर, मला तुमच्या शर्टाचा खिसा आठवला आणि मला तुमचा रागही आला. नाक न दाबण्याचा हट्ट तुमचा. खबर आली तर दार उघडं ठेवा म्हणालात, पण ज्याच्याकडे खबर येतच नाही त्याने काय करायचं, ते सांगायचं राहिलं तुमचं.

तेव्हापासून मी पडद्यावर शिकवते. भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल फळ्यावर स्वच्छ काचेची उपकरणं दिसतात, एक गोड आवाज सांगतो, 'या वायूला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो', आणि पोरं वहीत लिहून घेतात: कुजक्या अंड्यांसारखा. कुणी ओरडत नाही, कुणी खिदळत नाही. परवा आठवीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, अमोनियाचा वास कसा अस्तो?" पडद्यावर लिहिलं होतं, तीव्र. मी तेच सांगितलं. त्याने मान डोलावली आणि लिहिलं. मी वर्गाकडे बघितलं. सगळा वर्ग माझ्यासारखा झाला होता.

मग मी आठवडी बाजारात गेले. कल्हईवाले आता येत नाहीत, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात नवसागर मागितला. दुकानदाराने मला खालून वर बघितलं. नवसागर हातभट्टीला जातो, तुम्हाला माहीतच आहे. "मॅडम, तुमी बी?" तो म्हणाला. मी म्हटलं, आठवीच्या पोरांना द्यायचाय. ते ऐकून तो आणखीच घाबरला. शेवटी शाळेचं ओळखपत्र दाखवावं लागलं. चुना पानटपरीवरून घेतला. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलं होतं, प्रयोगशाळा उघडत नाही, प्रयोग तळहातावर करते. ते म्हणाले, "तळहाताला कुलूप कुठून आणू मी?" त्यालाच मी परवानगी समजले.

आज तो तास झाला. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या. नववीच्या त्या मुलीला मुद्दाम बोलावून दारापाशी बसवलं. बाकाबाकावर फिरून मी पुड्यांतलं ठेवत गेले आणि तुमचं वाक्य बदललं. म्हटलं, नाक दाबावंसं वाटलं तर दाबा, उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा, पण वास आला की आधी ओरडा. माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. पोरांनी चोळलं, पाव्हण्याला बोलवावं तसा वारा घेतला, आणि मग जो काही कल्ला झाला! एकजण बाकाखाली गेला. एकजण म्हणाला, "आयला, मेंदूत गेलं!" आणि जीभ चावली. मुख्याध्यापक दारात येऊन नाक आक्रसून उभे राहिले. दारातली मुलगी त्यांना म्हणाली, "सर, आमी दोघीतिघी नाकाच्या मॉनिटर हुतो, मग उघडा की कपाट." ते 'बघू' म्हणाले. चावी अजून त्यांच्याकडेच आहे.

मीही माझ्या तळहातावर चोळलं होतं. वारा घेतला. काही नाही. हात जरा जवळ आणला, आणि एकदम झोंबलं. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मागे, थेट. पाणी घळाघळा वाहायला लागलं. "मॅडमला आला! वास आला!" ती मुलगी ओरडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसून त्यांना सांगितलं, हा वास नव्हे रे, ही नुसती झोंब. अमोनिया झोंबतो ते कळवणारा मज्जातंतू वेगळा, वास कळवणारा वेगळा. माझा एक गेला, एक राहिला. माझ्या नाकावर विसंबायचं नाही, ते अजून तसंच आहे. पोरं हिरमुसली. हे सांगणं भाग होतं म्हणून सांगितलं. पण टाळ्या वाजत होत्या तेवढा वेळ मलाही खरंच वाटलं होतं, सर.

हे पत्र टाकणार कुठे? उमापूरच्या तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात, आणि तिथला पोस्टमन माझ्याच वर्गातला, तो फोडून वाचेल आणि गावभर सांगेल. म्हणून दौतीच्या दिव्याखाली दाबून ठेवते. उरलेला नवसागर खरं तर शाळेत ठेवायला हवा होता, तो शाळेच्या कामाचा. पुडी मी घरी आणली आहे. आल्यापासून दोनदा चुन्याबरोबर चोळून झाला.